‘शिष्य करा’ या आज्ञेचा अभ्यास



नवदीक्षित बौद्धांच्या वस्तीत ख्रिस्ती प्रचारकाची फेरी होणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. हातात शुभवर्तमानाची पुस्तिका, मुखी सौम्य भाषा, घरात कोणी आजारी असल्यास त्याच्यासाठी प्रार्थना करण्याची तयारी. असा गृहस्थ दारात उभा राहिला म्हणजे आपल्यापैकी कित्येकांची धांदल उडते. कोणी दार लावून घेतो, कोणी हुज्जत घालतो, तर कोणी पुस्तिका मुकाट्याने घेऊन कोनाड्यात ठेवून देतो. आमच्या मते यांपैकी एकही गोष्ट धम्माच्या उपासकास शोभणारी नाही. जो मनुष्य उन्हातान्हातून आपल्या दारापर्यंत चालत आला, त्याला कोणत्या आज्ञेने चालविले हे आधी समजून घेतले पाहिजे. ती आज्ञा समजली म्हणजे त्याला काय उत्तर द्यावे ते कळेल. शिवाय आपण स्वतः दीक्षा घेऊन काय केले आणि काय करावयाचे ठेवले आहे, याचाही हिशेब त्याच ओघात मांडता येईल. प्रस्तुत लेखाचा हेतू मुख्यतः तो हिशेब मांडण्याचा आहे.

ही आज्ञा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अगदी अखेरीस, अठ्ठाविसाव्या अध्यायात आली आहे. येशूला क्रुसावर मारण्यात आल्यानंतर तो पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. बारा शिष्यांपैकी यहूदा गेल्यामुळे उरलेले अकरा जण गालील प्रांतातील एका डोंगरावर गेले, तेथे येशू त्यांना भेटला, आणि सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याचे, त्यांना बाप्तिस्मा देण्याचे व आपण सांगितलेले सर्व पाळण्यास त्यांना शिकविण्याचे काम त्याने त्यांच्यावर सोपविले. जगातील झाडून सर्व मिशनऱ्यांचे कार्य या चार-दोन ओळींवर उभे आहे.

मूळ ग्रंथ ग्रीक भाषेत आहे, आणि त्या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. जाणे, बाप्तिस्मा देणे, शिकविणे ही तिन्ही त्यात धातुसाधित रूपे आहेत. आज्ञार्थी क्रियापद एकच, ते म्हणजे शिष्य करणे. ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण ‘शिष्य’ असे करतो, तो ‘शिकणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. आपल्या भाषेत शिष्य म्हटला की गुरूचे पाय धुणारा, त्याचा शब्द झेलणारा आणि प्रसंगी एकलव्याप्रमाणे अंगठा कापून देणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. ग्रीक शब्दाचा साधा अर्थ मात्र शिकणारा, विद्यार्थी, एवढाच आहे. तेव्हा आज्ञा अशी की लोकांना शिकणारे करा. त्याची खूण म्हणून पाणी घाला. आणि मग शिकवीत राहा. पाण्याचे काम एका घटकेचे असते. शिकविण्याच्या कामाला अंत सांगितलेला नाही.

याच ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात येशूने परूशी पंडितांची जी कठोर निर्भर्त्सना केली आहे, तीही या आज्ञेशेजारी ठेवून वाचावी. एका मनुष्याला आपल्या धर्मात आणण्यासाठी हे लोक समुद्र व भूमी पालथी घालतात आणि तो आला म्हणजे त्याला आपल्याहून दुप्पट वाईट करून सोडतात, असा तिचा आशय आहे. मनुष्य आपल्या गोटात आला एवढ्याने काहीच साधत नाही, हे त्या धर्माच्या संस्थापकाला पुरते ठाऊक होते. आणखी एक बारीक गोष्ट. डोंगरावर जमलेल्या त्या अकरा जणांपैकी काहींच्या मनात त्या क्षणीही संशय होता, असे मत्तयाने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. तरी त्यांना बाहेर काढले नाही, संशयासकट पाठविले. कालामांना संशय घेण्याची मोकळीक देणाऱ्या शास्त्याचे उपासक या ओळीपाशी क्षणभर थांबतील, असे आम्हास वाटते.

ही आज्ञा आपल्यालाही लागू आहे असे ख्रिस्ती लोक सदैव मानीत आले, असे मात्र नाही. युरोपातील अनेक प्रॉटेस्टंट धर्मपंडितांचे मत असे होते की ती त्या अकरांपुरती होती व त्यांच्याबरोबर संपली. १७९२ साली इंग्लंडातील विल्यम कॅरी याने एक पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. हा कॅरी कोणी मोठा धर्माधिकारी नव्हता. जोडे शिवून पोट भरणारा मनुष्य होता. जोडे शिवता शिवता त्याने भाषा शिकून घेतल्या. (ज्यांच्या बापजाद्यांनी चामड्याचे काम केले आणि ज्यांना त्यासाठी अक्षर शिकण्याची बंदी झाली, त्यांनी ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.) १७९३ साली तो बंगालमध्ये आला. सात वर्षे त्याला एकही हिंदी मनुष्य मिळाला नाही. डिसेंबर १८०० मध्ये कृष्ण पाल नावाच्या सुताराने सेरामपूर येथे हुगळीच्या पात्रात बाप्तिस्मा घेतला, तो पहिला.

येथे दोन प्रसंग घडले, आणि त्यांकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. बाप्तिस्मा होण्याच्या काही दिवस आधी कृष्ण पाल मिशनऱ्यांबरोबर एका पंगतीस बसून जेवला. जात आधी ताटावर मोडली, पाणी नंतर पडले. पुढे १८०३ साली कृष्णप्रसाद नावाच्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण तरुणाचा विवाह या सुताराच्या मुलीशी लावण्यात आला. दोनशे वीस वर्षांपूर्वीच्या बंगालमध्ये ब्राह्मणाने सुताराची कन्या करावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. ‘शिकवा’ या शब्दाचा अर्थ सेरामपूरच्या मंडळींनी तेथे लग्नाच्या मांडवात दाखविला.

परंतु हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास या वाटेने गेला नाही. सेरामपूरच्या दोनशे वर्षे आधी, १६०६ साली, रॉबर्टो डी नोबिली हा इटालियन जेझुइट मदुरेस आला होता. त्याने भगवी वस्त्रे धारण केली, ब्राह्मण संन्याशाची राहणी स्वीकारली आणि आधी ख्रिस्ती झालेल्या परवा कोळ्यांपासून स्वतःस वेगळे ठेवले. उच्च जातींना जात न सोडता ख्रिस्ती होता यावे, हा त्याचा हिशेब होता. पुढे त्याच मिशनमध्ये स्पृश्यांचे पाद्री निराळे आणि अस्पृश्यांचे निराळे झाले. तमिळ प्रदेशातील वडक्कनकुलम येथे दोन जातिसमूहांना एकमेकांच्या दृष्टीस न पडता उपासना करता यावी म्हणून १८७२ मध्ये दुपाखी देवालय बांधण्यात आले. मधली आडकाठी १९१० साली दूर झाली. आमच्या शेजारच्या गोव्यात चारशे वर्षांचे ख्रिस्ती लोकही बामण, चार्डो, सुदिर ही विशेषणे विसरले नाहीत आणि सोयरीक जुळविताना ती विचारली गेली. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी जातिभेद ताबडतोब व कायमचा टाकावा असा हुकूम काढला, तेव्हा दक्षिणेतील अनेक सवर्ण ख्रिस्ती मंडळीच सोडून गेले. त्यांना बाप्तिस्मा मिळाला होता. ते शिष्य मात्र झाले नव्हते.

परमपूज्य बाबासाहेबांनी या इतिहासाचा किती सूक्ष्म अभ्यास केला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर अनेक धर्मांची निमंत्रणे त्यांच्याकडे आली, त्यात ख्रिस्ती निमंत्रणही होते. १९३८ साली सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन ओढून घेतले आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि दक्षिणेतील देवालयांत जातिभेद पाळला जातो, हेही त्याच ठिकाणी त्यांना ऐकविले. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात धर्मांतरितांच्या स्थितीविषयी त्यांचे जे लेखन आहे, त्यातील एक विचार फार मार्मिक आहे. अस्पृश्य मनुष्य हिंदू होता तोवर आपली अधोगती पूर्वजन्मीच्या कर्मामुळे झाली असे त्याला शिकविले गेले; तो ख्रिस्ती झाला तेव्हा ती मानवाच्या आदिपुरुषाच्या पापामुळे झाली असे त्याला शिकविण्यात आले. ज्या समाजरचनेने त्याला गाडले, तिच्याकडे बोट दाखवावयास त्याला कोणीच शिकविले नाही. कमतरता शिकविण्यात होती, असा बाबासाहेबांचा निष्कर्ष आम्हास दिसतो.

मिशनऱ्यांचे ऋण मात्र नाकारता कामा नये. कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील फरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि त्यानंतर १८४८ साली स्वतः मुलींची शाळा काढली. ज्या वेळी आमच्या मुलांना शाळेच्या ओट्यावरही कोणी बसू देत नव्हते, त्या वेळी ही दारे उघडी होती.

आता आपल्या शास्त्याकडे वळू या. येशूच्या सुमारे पाच शतके आधी सारनाथ येथे पहिल्या वर्षावासानंतर तथागतांनी साठ अर्हतांना चारिकेस पाठविले. बहुजनांच्या हितासाठी व सुखासाठी फिरा, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नका, असे त्यांना बजावले. येशूने आपल्या शिष्यांना जोडीजोडीने धाडले होते, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. आधी कोणी पाठविले याची फुशारकी मारण्यात आम्हास रस नाही. अंतर निराळ्याच ठिकाणी आहे. भगवंतांच्या त्या आदेशात धम्म सांगा असे आहे. कोणाला माझा शिष्य करा असे त्यात नाही. दीघनिकायातील उदुम्बरिक सुत्तात निग्रोध परिव्राजकाला तर भगवंत स्पष्टच सांगतात की शिष्य मिळविण्याच्या इच्छेने मी हे बोलतो असे समजू नकोस; जो तुझा आचार्य आहे तो तुझा आचार्यच राहो. निगंठांचा उपासक असलेला धनाढ्य उपालि शरण येण्यास निघाला, तेव्हा त्याच्यासारख्या नामांकित मनुष्याने नीट विचार केल्याविना असे करू नये असे त्यांनी त्याला बजावले, आणि निगंठांना तुझ्या घरी आजवर मिळत आलेली भिक्षा पुढेही मिळू दे, असे सुचविले. आपल्याकडे आलेल्या मनुष्याला आधी थांबविणारा आणि त्याच्या जुन्या गुरूंच्या पोटाची काळजी वाहणारा दुसरा धर्मसंस्थापक आम्हास माहीत नाही.

या उदारतेची किंमतही पडली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ती निर्भीडपणे सांगितली आहे. संघात प्रवेश करणाऱ्यासाठी दीक्षाविधी होता. परंतु गृहस्थ राहून धम्म स्वीकारणाऱ्यासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. ही मोठी उणीव होती. तिच्यामुळे उपासक एका धर्मातून दुसऱ्या धर्मात भटकत राहिले, इतकेच काय एकाच वेळी दोन्ही पाळीत राहिले, आणि भारतातून धम्म लोप पावण्याच्या कारणांपैकी हे एक कारण झाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मे १९५० मध्ये महाबोधि सभेच्या मासिकात लिहिताना त्यांनी तीन गोष्टी मागितल्या होत्या: बौद्धांसाठी बायबलसारखा एक ग्रंथ, भिक्षुसंघाच्या रचनेत व ध्येयात बदल, आणि जागतिक बौद्ध मिशन. ख्रिस्ती आज्ञेतील बळ त्यांनी किती बारकाईने हेरले होते, याचा हा पुरावा होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे घडले, ते या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचा. पूज्य भदंत चंद्रमणी यांनी बाबासाहेबांस दीक्षा दिली. लक्षावधी जनतेला मात्र ती बाबासाहेबांनी स्वतः दिली. त्यांच्या अंगावर चीवर नव्हते. त्रिशरण व पंचशील यांना त्यांनी बावीस प्रतिज्ञांची जोड दिली. उपासकाला दोन दगडींवर पाय ठेवता येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात तर प्रत्येक बौद्धास दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असे त्यांनी जाहीर केले. डोंगरावरच्या अकरा जणांना जो अधिकार मिळाला, तो येथे एका दिवसात शेतमजुराला, गिरणी कामगाराला आणि त्याच्या निरक्षर पत्नीलाही मिळाला. अधिकाराबरोबर शिकविण्याची जबाबदारीही त्याच पदरात पडली.

पुढचा हिशेब आकड्यांत फार चांगला दिसतो. १९५१ च्या जनगणनेत सबंध भारतात बौद्ध सुमारे पावणेदोन लाखांच्या आसपास होते. १९६१ साली ते साडेबत्तीस लाख झाले. २०११ साली चौऱ्याऐंशी लाखांच्या वर गेले, त्यांपैकी पासष्ट लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. पण आकड्यांची ही भाषा त्या परूशी पंडितांनाही येत होती. नवदीक्षित कुटुंबाने आकड्यांकडे पाहू नये. आपल्या घराकडे पाहावे. भिंतीवर बुद्ध व बाबासाहेब आले, हे उत्तम झाले. पण मुलाच्या नावासाठी पंचांग उघडले जाते काय? सासूच्या धाकाने सून मार्गशीर्षाचे गुरुवार करते काय? जत्रेच्या दिवशी, ‘आम्ही मानीत नाही, पण म्हातारीचे मन मोडू नये’ असे म्हणून कोंबडे कापले जाते काय? आणि मुलीची सोयरीक आली म्हणजे बावणे, लाडवण की सोमवंशी ही चौकशी हळू आवाजात होते काय? मातंग किंवा चर्मकार समाजातून धम्मात आलेल्या सुशिक्षित तरुणाला आपली मुलगी देताना जे मन कचरते, त्या मनाला सेरामपूरच्या सुताराची गोष्ट सांगावयास पाहिजे. गोव्याच्या बामण-चार्डोंना हसण्याचा अधिकार आपल्याला अद्याप मिळालेला नाही.

यात नवदीक्षितांचा दोष थोडा आहे. ज्यांना धम्मात येऊन दोन-दोन पिढ्या झाल्या, त्या जुन्या बौद्धांनी समारंभाला मंडप घातला, प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, प्रमाणपत्र दिले आणि मंडप सोडून ते निघून गेले. ज्याला बोलाविले त्याच्या घरी महिन्याने कोण गेले? पहिले मूल झाले, पहिले मरण झाले, तेव्हा विधी कसा करावा हे सांगावयास कोण होते? ते रिकामे दिसले म्हणूनच कधी ख्रिस्ती प्रचारक तेथे पोहोचला, आणि कधी जुना भगत परतला. प्रचारकावर रागावण्याऐवजी त्याची चिकाटी आपण उचलली पाहिजे. भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग या कार्यास मागितला होता. तो पैसा जयंतीच्या ध्वनिक्षेपकात किती गेला आणि घरोघर शिकविणाऱ्या बौद्धाचार्यावर किती खर्ची पडला, हे प्रत्येक शाखेने स्वतःपाशी मोजावे.

आता दारातल्या गृहस्थाला काय सांगावे? त्याला पाणी द्यावे, बसवावे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म आचरण्याचा व त्याचा प्रचार करण्याचा हक्क त्याला दिला आहे, तोच आपल्यालाही दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही असा निर्णय दिला. परंतु आपल्या विवेकाने आपला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य त्याच अनुच्छेदात आरंभीच लिहिलेले आहे. त्या स्वातंत्र्यावर आलेला घाव ख्रिस्ती माणसापुरता राहत नाही. गुजरात शासनाने २०२४ साली परिपत्रक काढून हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात येण्यासही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल असे बजावले, तेव्हा हे दिसून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीखांना आणि थेट १९९० साली बौद्धांना त्या केंद्रात लागू झाल्या. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. चौतीस वर्षे आपण ज्या रांगेत उभे होतो, त्या रांगेत तो उभा आहे, हे त्याच्याशी बोलताना ध्यानात असावे.

मग त्याला विचारावे की आपल्या मंडळीत लग्ने जात पाहून होतात की न पाहता? त्याने उलट तोच प्रश्न आपल्याला विचारला, तर उत्तर तयार असावे.

येत्या आषाढ पौर्णिमेस वर्षावास सुरू होईल. तीन महिने विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालेल. बहुतेक ठिकाणी एक जण वाचतो आणि बाकीचे हात जोडून ऐकतात; ही रीत यंदा मोडावी. नवदीक्षित कुटुंबांनी एकत्र बसून रोज दोन पाने घरीच वाचावीत, वाचन मुलीने किंवा सुनेने करावे, जेथे अडेल तेथे खूण करावी आणि रविवारी त्या खुणा घेऊन विहारात जावे. बौद्धाचार्यांनी प्रवचन अर्ध्यावर आणून उरलेला वेळ त्या प्रश्नांना द्यावा, आणि विचारण्याचा पहिला मान ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली त्यांना द्यावा.